शिखर परिषदांमधली भिजत घोंगडी : निर्णय टाळला जातो तेव्हा नेमके काय घडते?

चौकस

सप्टेंबर २००९ मध्ये पिट्सबर्ग येथे जमलेल्या जी-२० देशांच्या नेत्यांनी जाहीर केले होते की जीवाश्म इंधनांवरची ‘अकार्यक्षम’ अनुदाने ‘मध्यम मुदतीत’ टप्प्याटप्प्याने बंद केली जातील. बारा वर्षांनी, २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या निर्णयात हीच ‘अकार्यक्षम’ अनुदाने पुन्हा अवतरली. २०२३ साली दुबईच्या परिषदेने ती ‘शक्य तितक्या लवकर’ बंद करण्याचे आवाहन केले. म्हणजे चौदा वर्षांत आपण ‘मध्यम मुदती’वरून ‘शक्य तितक्या लवकर’पर्यंत आलो, आणि या काळात कोणते अनुदान अकार्यक्षम मानायचे याची सर्वांना बांधील अशी व्याख्याही झाली नाही. ते प्रत्येक देशाने आपले आपण ठरवायचे आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगभरातली जीवाश्म इंधनांवरची उघड अनुदाने सुमारे १.३ लाख कोटी डॉलरच्या घरात होती.

अशी निवेदने मूळातून वाचण्याची मला काही वर्षांपासून सवय लागली आहे, आणि दर वेळी शेवटच्या पानावर पोहोचल्यावर मन त्याच ठिकाणी अडखळते. डझनावारी राष्ट्रप्रमुख आपापली कामे बाजूला ठेवून एका सभागृहात येतात, रात्री जागवतात, छायाचित्रे काढून घेतात, आणि ज्या एका प्रश्नासाठी सारा खटाटोप असतो तोच पुढच्या वर्षीच्या परिषदेकडे सोपवून परत जातात. वर्तमानपत्रे याला एक तर ‘ऐतिहासिक सहमती’ म्हणतात, नाही तर ‘सपशेल अपयश’, आणि या दोन्ही शब्दांवरून प्रत्यक्षात काय टाळले गेले हे काही कळत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला असा की हा नेत्यांच्या धैर्याचा अभाव म्हणायचा, की परिषदांची रचनाच अशी आहे की तिथे कोणीही गेला तरी त्याने टाळाटाळच करावी? दुसरा प्रश्न जरा व्यवहारी आहे. माझ्यासारख्या सामान्य वाचकाने निवेदन हातात घेतल्यावर इथे निर्णय झाला आहे आणि इथे फक्त वेळ मारून नेली आहे, हे कशावरून ओळखावे? उदाहरणांसह उत्तरे मिळाली तर आनंद होईल. राजकीय पक्षांवरची चर्चा कृपया दुसऱ्या धाग्यावर न्यावी.

अर्धविराम

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो माझ्या पोटापाण्याच्या जवळचा आहे. मी बरीच वर्षे अशा दस्तऐवजांचे मराठी अनुवाद करत आलो आहे, आणि टाळाटाळ ओळखायची तर सगळ्यात आधी क्रियापदाकडे पाहावे, असे माझे मत झाले आहे.

नेते सभागृहात येतात तेव्हा निवेदनाचा बहुतेक मजकूर तयार असतो. १९७५ साली रांबुये येथे सहा देशांचे प्रमुख प्रथम जमले, तेव्हा मोजक्या सहकाऱ्यांसह मोकळेपणाने बोलावे एवढाच हेतू होता. आज तीच पद्धत इतकी फुगली आहे की नेत्यांच्या वतीने महिनोन्‌महिने बोलणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना ‘शेर्पा’ हे नाव पडले आहे. शिखरापर्यंतचे ओझे तेच वाहतात, नेते शेवटची काही पावले चालतात. या मसुद्यात जिथे एकमत झालेले नसते तिथले शब्द चौकोनी कंसात ठेवण्याचा प्रघात आहे. पडद्यावर मजकूर झळकत असतो, एकाच वाक्यात तीन-तीन कंस असतात, आणि प्रत्येक कंस म्हणजे न झालेला एक निर्णय असतो. कंस काढण्याचे मार्ग तीनच. एका बाजूचा शब्द ठेवावा, दोन्ही बाजूंचे शब्द वगळावेत, किंवा दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने वाचता येईल असा तिसरा शब्द शोधावा. पहाटे तीननंतर हा तिसरा मार्ग फार लोकप्रिय होतो.

आता क्रियापदांकडे येतो. ‘परिषद निर्णय घेते’ हे सर्वांत वजनदार. त्यानंतर ‘विनंती करते’, ‘आवाहन करते’, ‘प्रोत्साहन देते’ अशा पायऱ्यांनी जोर उतरत जातो. ‘स्वागत करते’ म्हणजे आम्हाला आवडले, पण त्याचे आम्ही काही करणार नाही. आणि सर्वांत खालच्या पायरीवर ‘नोंद घेते’ हे क्रियापद बसते. डिसेंबर २००९ मध्ये कोपनहेगनला शंभराहून अधिक देशांचे प्रमुख जातीने आले होते. अमेरिका, चीन, भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांनी शेवटच्या दिवशी एक करार जुळवला, पण व्हेनेझुएला, बोलिव्हिया, सुदान अशा काही देशांनी त्याला हरकत घेतली. मग परिषदेने तो करार स्वीकारलाही नाही आणि फेटाळलाही नाही, त्याची फक्त नोंद घेतली.

एका नियतकालिकासाठी मी हे वाक्य मराठीत केले तेव्हा ‘नोंद घेतली’ असे लिहिले होते. छापून आले तेव्हा संपादकीय हात फिरून त्याचे ‘गंभीर दखल घेतली’ असे झाले होते. मराठीत दखल घेणे म्हणजे आता काही तरी कारवाई होणार, असा अर्थ निघतो, आणि मूळ वाक्याचा उद्देश तर नेमका काहीच होऊ नये हा होता. एका शब्दाने पूर्ण परिषदेचा निकाल उलटा झाला, आणि चूक कळवूनही ती दुरुस्त झाली नाही, हे जाता जाता नमूद करतो.

क्रियापदानंतर कर्ता शोधावा. आपल्या मराठीत कर्मणी प्रयोग फार सोयीचा आहे. ‘उपाययोजना करण्यात येतील’, ‘प्रयत्न केले जातील’, ‘निधी उभारला जाईल’ अशी वाक्ये वाचली की आपल्याला काही तरी घडणार असे वाटते, पण ते कोण करणार हे त्यात कुठेच नसते. मूळ दस्तऐवजही याच युक्तीवर चालतात. अनुवाद करताना मी समासात प्रत्येक वाक्यापुढे ‘कोण?’, ‘कधी?’ आणि ‘किती?’ असे तीन प्रश्न पेन्सिलीने लिहितो. तिन्हींची उत्तरे मिळाली तर तो निर्णय आहे असे समजतो. कोपनहेगनच्याच करारात विकसित देश २०२० सालापर्यंत दर वर्षी एकत्रितपणे १०० अब्ज डॉलर उभे करतील, असे वाक्य होते. त्यात किती आणि कधी याची उत्तरे होती, पण कोणत्या देशाने त्यातले किती द्यायचे हे लिहिलेले नव्हते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या मोजणीनुसार हा आकडा प्रथम २०२२ साली गाठला गेला. दोन वर्षांचा हा उशीर कोणाचा, हे विचारायला कोणाचे नावच नव्हते.

ग्लासगोचा प्रसंग तर बहुतेकांच्या लक्षात असेल. परिषद शुक्रवार, १२ नोव्हेंबर २०२१ रोजी संपायची होती, ती शनिवारी रात्रीपर्यंत लांबली. कोळशापासूनची वीज ‘टप्प्याटप्प्याने बंद करणे’ असा मजकूर होता, त्याऐवजी ‘टप्प्याटप्प्याने कमी करणे’ असा बदल भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी शेवटच्या सत्रात वाचून दाखवला आणि तो स्वीकारला गेला. अध्यक्ष आलोक शर्मा यांनी ज्या पद्धतीने हे घडले त्याबद्दल सर्वांची क्षमा मागितली आणि बोलताना त्यांचा कंठ दाटून आला. हे दृश्य जगभर दाखवले गेले आणि टाळाटाळीचा सगळा ठपका एका देशावर बसला. मात्र ‘टप्प्याटप्प्याने कमी करणे’ हा शब्दप्रयोग त्या रात्री जन्माला आलेला नव्हता. तीनच दिवस आधी, १० नोव्हेंबरला, अमेरिका आणि चीन यांनी काढलेल्या संयुक्त निवेदनात चीनच्या कोळसा वापराबाबत तो आलेला होता. शिवाय त्या संपूर्ण निर्णयात कोळशाचे नाव होते, पण तेल आणि नैसर्गिक वायू यांचे नावही नव्हते. ‘बंद’चे ‘कमी’ झाले ही टाळाटाळ कॅमेऱ्यासमोर झाली, तेल आणि वायू यांना वगळण्याची टाळाटाळ कागदावर शब्दच नसल्यामुळे कोणाला दिसली नाही. म्हणून वाचताना जे लिहिले आहे त्याच्या इतकेच जे लिहिलेले नाही तेही शोधावे लागते.

आणखी एक कबुली द्यायला हवी. त्या वाक्यात कोळशाला एक विशेषण होते. ज्याचे उत्सर्जन रोखण्याची किंवा साठवण्याची सोय केलेली नाही अशा कोळशापुरतेच ते वाक्य होते. माझ्या पहिल्या खर्ड्यात वाक्य फार लांबते म्हणून मी ते विशेषण गाळले होते. मुळात निम्मी पळवाट त्या विशेषणातच होती.

रोखठोक

अर्धविराम यांचा प्रतिसाद वाचनीय आहे, परंतु त्यातून असा समज होईल की नेत्यांनी ठाम शब्द वापरले असते तर प्रश्न सुटले असते. मला ते पटत नाही.

अमेरिकी सिनेटने जुलै १९९७ मध्ये ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला होता की विकसनशील देशांवर बंधने न घालणारा हवामान करार अमेरिकेने मान्य करू नये. पाच महिन्यांनी क्योटोमध्ये अमेरिकी प्रतिनिधींनी नेमका तसाच करार मान्य केला, १९९८ साली त्यावर सहीही झाली, आणि क्लिंटन सरकारने तो मंजुरीसाठी सिनेटकडे कधी पाठवलाच नाही. २००१ साली बुश सरकारने त्याला पाठच दाखवली. परिषदेत धाडसी निर्णय झाला, आकडे होते, मुदती होत्या, तुमच्या पेन्सिलीचे तिन्ही प्रश्न सुटले होते, आणि तरीही जगातल्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या उत्सर्जक देशापुरता तो कागदच राहिला. नेता एकाच वेळी दोन पटांवर खेळत असतो. समोर दुसऱ्या देशांचे प्रतिनिधी बसलेले असतात आणि पाठीमागे त्याची संसद, त्याचा पक्ष आणि त्याचे मतदार उभे असतात. पुढच्या पटावर जिंकलेली सोंगटी मागच्या पटावर मारली जाणार असेल तर ती चालण्यात शहाणपण नसते.

पॅरिसमध्ये १२ डिसेंबर २०१५ रोजी याच्या नेमके उलट घडले. विकसित देशांनी उत्सर्जन कपातीत पुढाकार ‘घेतलाच पाहिजे’ असा बंधनकारक अर्थाचा शब्द अंतिम मसुद्यात आला होता, आणि तसा तो राहिला असता तर अमेरिकेला करार सिनेटपुढे नेणे भाग पडले असते. शेवटी ती टंकलेखनातली चूक ठरवून, सभागृहात तांत्रिक दुरुस्त्यांच्या यादीत तिथे ‘घ्यावा’ असा शब्द वाचून दाखवण्यात आला, आणि परिषदेचे अध्यक्ष लोराँ फाब्युस यांनी हातोडा आपटला. याला टाळाटाळ म्हणायचे असेल तर म्हणावे, पण करार झाला तो याच टाळाटाळीमुळे.

जुनी कात्रणे

रोखठोक यांचा मुद्दा मान्य करूनही मला एक भेद करावासा वाटतो. नकार देणे आणि टाळणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इतिहासात टाळण्यानेच अधिक नुकसान केलेले दिसते.

ऑक्टोबर १९८६ मध्ये रेक्याविक येथे अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह दोन दिवस बोलले आणि काहीही सही न करता उठले. अंतराळातील क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या प्रश्नावर दोघांनीही माघार घेतली नाही. त्या दिवशी सर्वांनी ते अपयश मानले. पण कोण कुठपर्यंत यायला तयार आहे हे दोन्ही बाजूंना स्वच्छ कळले होते, आणि डिसेंबर १९८७ मध्ये मध्यम पल्ल्याची अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे नष्ट करणारा करार झाला. गोंडस निवेदन काढून वेळ निभावली असती तर हे घडले असते का, याविषयी मला शंका आहे.

याच्या उलट उदाहरण म्हणून मी नेहमी एव्हियाँचे नाव घेतो. जर्मनी आणि नुकत्याच गिळंकृत केलेल्या ऑस्ट्रियामधून पळू पाहणाऱ्या ज्यू निर्वासितांचा प्रश्न सोडवण्यासाठी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने जुलै १९३८ मध्ये जिनिव्हा सरोवराच्या फ्रेंच काठावरील या गावी ३२ देशांचे प्रतिनिधी एका आलिशान हॉटेलात जमले. निमंत्रणातच असे आश्वासन दिलेले होते की कोणत्याही देशाने आपल्या चालू कायद्यांपेक्षा अधिक निर्वासित घ्यावेत अशी अपेक्षा केली जाणार नाही. जो निर्णय घेण्यासाठी परिषद भरवायची तोच निर्णय घ्यावा लागणार नाही, अशी हमी आधी द्यायची, याहून नमुनेदार टाळाटाळ मला माहीत नाही. त्यानंतर नऊ-दहा दिवस एकामागून एक प्रतिनिधी उठले, त्यांनी निर्वासितांबद्दल सहानुभूती व्यक्त केली आणि आपल्या देशात जागा, रोजगार किंवा परंपरा नसल्याचे सांगितले. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीचे म्हणणे असे होते की आमच्याकडे वांशिक प्रश्न नाही आणि तो आयात करण्याची आमची इच्छा नाही. मोठ्या संख्येने लोक घेण्याची तयारी दाखवली ती डोमिनिकन प्रजासत्ताकाने, आणि तिथेही पुढे काही शेच लोक पोहोचू शकले. परिषदेची निष्पत्ती काय, तर एक आंतरशासकीय समिती. चार महिन्यांनी, ९ नोव्हेंबरच्या रात्री, जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे पेटवली गेली.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की एव्हियाँमध्ये कोणीही ‘नाही’ म्हटले नव्हते. ठरावाची भाषा सौम्य होती, समिती खरोखरच नेमली गेली, सर्व जण सभ्यपणे वागले. समिती नेमली म्हणजे विषय हाताळला गेला असे वाटते, आणि हे वाटणे हाच समितीचा मुख्य उपयोग असतो. सर्वच समित्या अशा असतात असे मी म्हणत नाही, परंतु निवेदनात ‘कार्यगट स्थापन करण्याचे ठरले’ असे वाचले की मला ते हॉटेल आठवते.

दुसरा प्रकार ‘हो’ म्हणून टाळण्याचा आहे, आणि तो मला अधिक धोक्याचा वाटतो. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्ट येथे नाटोची शिखर परिषद झाली. युक्रेन आणि जॉर्जिया यांना सदस्यत्वाच्या तयारीचा अधिकृत कार्यक्रम द्यावा असे अमेरिकेचे मत होते, जर्मनी आणि फ्रान्स यांचा त्याला विरोध होता. ‘देऊ’ म्हणावे तर मर्केल आणि सार्कोझी दुखावतात, ‘देणार नाही’ म्हणावे तर बुश दुखावतात. मग निवेदनात असे वाक्य घालण्यात आले की हे देश नाटोचे सदस्य होतील यावर आज आमचे एकमत झाले आहे. आणि तयारीचा कार्यक्रम मात्र दिला नाही, तारीखही दिली नाही. दोन्ही डगरींवर हात ठेवल्यामुळे सभागृहातला वाद त्या दिवसापुरता मिटला. पण मॉस्कोच्या दृष्टीने ते चिथावणी ठरण्याइतके ठाम होते, आणि कीव्ह व तिब्लिसीच्या दृष्टीने संरक्षण ठरण्याइतके ठाम नव्हते. ऑगस्ट २००८ मध्ये रशिया आणि जॉर्जिया यांच्यात युद्ध झाले. त्या एका वाक्यामुळेच ते झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण त्या वादाची मुळे जुनी होती. पण स्पष्ट ‘हो’ किंवा स्पष्ट ‘नाही’ यांपैकी काहीही त्या वाक्यापेक्षा अधिक जबाबदारीचे ठरले असते, असे माझे मत आहे. २०२३ साली व्हिल्नियसमध्ये युक्रेनला पुन्हा सांगण्यात आले की सदस्य देशांचे एकमत झाल्यावर आणि अटी पूर्ण झाल्यावर निमंत्रण देऊ. पंधरा वर्षांनी वाक्य बदलले, तारीख तेव्हाही आली नाही.

रोखठोक म्हणतील की प्रत्येक लांबणीवर टाकणे वाईट नसते, आणि ते खरे आहे. १९९३ च्या ऑस्लो करारात जेरुसलेम, निर्वासित, वसाहती आणि सीमा हे चारही कळीचे प्रश्न पाच वर्षांच्या अंतरिम काळातील नंतरच्या वाटाघाटींसाठी बाजूला ठेवले होते. आधी विश्वास निर्माण व्हावा, मग अवघड प्रश्न घ्यावेत, असा त्यामागचा विचार होता आणि तो हास्यास्पद नव्हता. मे १९९९ मध्ये ती पाच वर्षे संपली तेव्हा चारही प्रश्न जिथल्या तिथे होते, आणि मधल्या काळात वसाहती वाढतच राहिल्या होत्या. कारण प्रश्न लांबणीवर टाकला तरी परिस्थिती थांबून राहत नाही, आणि मुदत उलटली तर पुढे काय, हे करारात लिहिलेले नव्हते. अर्धविराम यांच्या समासातल्या तीन प्रश्नांत मी एक चौथा घालीन : ‘नाही झाले तर?’

चौकस

सर्वांचे मनापासून आभार. चौथा प्रश्न वहीत लिहून घेतला आहे.

एक शंका मात्र उरली आहे. तुम्ही तिघेही नेत्यांविषयी आणि शब्दांविषयी बोललात, पण या सर्व परिषदांत मतदान का होत नाही? दोनशेच्या आसपास देशांपैकी एकाने जरी हात वर केला तरी सगळे अडत असेल, तर सर्वांत अनुत्सुक देशाला जेवढे पचेल तेवढाच निर्णय होणार हे उघड आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला प्लास्टिक कराराची बोलणी फिसकटली तेव्हा उत्पादनावर मर्यादा हवी असे म्हणणारे देश बहुसंख्येने होते, असे वाचले. मग बहुमताने निर्णय घेण्यात अडचण कोणती?

कलमबहाद्दर

याचे उत्तर रंजक नाही, पण नियमांच्या पुस्तकात आहे, आणि ते फारसे कोणी उघडत नाही म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेची पहिली बैठक १९९५ साली बर्लिनमध्ये झाली. कामकाजाच्या नियमावलीच्या मसुद्यातील ४२वा नियम मतदानाचा होता. कोणत्या विषयाला किती बहुमत लागेल यावर एकमत होईना, विशेषतः तेल निर्यात करणाऱ्या देशांना बहुमताची तरतूद नको होती. त्यामुळे ४२वा नियम वगळून बाकीची नियमावली ‘लागू करायची’ असे ठरले. तेव्हापासून दर वर्षी परिषद त्याच मसुद्यावर चालते, आणि मतदानाचा नियमच नसल्यामुळे सर्व काही सहमतीने करावे लागते. कठीण निर्णय टाळण्याची सोय करणारा हा पहिला निर्णय स्वतःच एक टाळलेला निर्णय आहे.

सहमती म्हणजे एकमुखी होकार नव्हे, तर औपचारिक हरकतीचा अभाव, आणि हरकत आहे की नाही हे अध्यक्षाने पाहायचे असते. इथे अध्यक्षाच्या हातोड्याला फार महत्त्व येते. २०१० साली कानकुनमध्ये बोलिव्हियाने उघड विरोध केला असतानाही अध्यक्षा पात्रिसिया एस्पिनोसा यांनी एका देशाला नकाराधिकार देता येणार नाही अशी भूमिका घेऊन निर्णय संमत केले, आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. दुबईत २०२३ साली जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचा निर्णय जाहीर झाला तेव्हा लहान बेटराष्ट्रांच्या गटाच्या वतीने सामोआच्या प्रतिनिधीने सांगितले की हातोडा पडला तेव्हा आम्ही सभागृहात नव्हतोच. पुढच्याच वर्षी बाकूमध्ये २०३५ पर्यंत दर वर्षी ३०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट संमत झाले, आणि हातोडा आधी पडला, आम्हाला बोलायचे होते, अशी तक्रार भारताच्या प्रतिनिधीने केली. म्हणजे सहमतीच्या नियमातही एक निर्णय घेतला जातो : कोणाची हरकत ऐकायची आणि कोणाची ऐकायची नाही.

मतदानाची सोय असली की काय फरक पडतो हे पाहायचे असेल तर ओझोन थराच्या रक्षणासाठीचा १९८७ चा माँट्रियल करार पाहावा. कराराखाली आधीच आलेल्या रसायनांच्या कपातीचे वेळापत्रक अधिक कडक करायचे असेल, तर त्यात एकमताचा प्रयत्न फसल्यावर दोन-तृतीयांश बहुमताची तरतूद आहे, आणि असा बदल प्रत्येक देशाच्या संसदेत पुन्हा मंजूर करून घ्यावा लागत नाही. त्यासाठी विकसित आणि विकसनशील अशा दोन्ही गटांत स्वतंत्र बहुमत लागते, त्यामुळे एक गट दुसऱ्यावर निर्णय लादू शकत नाही. प्रत्यक्षात तिथेही सहमतीनेच निर्णय घेण्याचा प्रघात आहे. पण हरकत घेणाऱ्याला ठाऊक असते की आपण अडून बसलो तर आपल्याशिवायही काम होऊ शकते, आणि एवढ्या जाणिवेने सहमतीची किंमत खाली येते. अर्थात केवळ नियमामुळे हे साधले असे समजू नये. १९९० साली विकसनशील देशांसाठी स्वतंत्र निधी उभा राहिला, करारात नसलेल्या देशांशी त्या रसायनांच्या व्यापारावर बंधने होती, आणि पर्यायी रसायने बाजारात येऊ लागली होती. म्हणजे कात्रणेवाल्यांच्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर तिथे करारातच लिहिलेले होते.

प्लास्टिकच्या बाबतीत अडचण तीच आहे. नियमावलीच्या मसुद्यात मतदानाची तरतूद आहे, पण ती वापरायची की नाही यावर वाद झाला, आणि तो वाद बाजूला ठेवून बोलणी पुढे नेण्यात आली. बहुसंख्य देश मतदान मागू शकले असते, परंतु मोठे उत्पादक देश ज्या करारातून बाहेर राहतील तो करार घेऊन काय करायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढेही आहेच.

हवामान परिषदेचा नियम बदलण्याचा प्रयत्न झालाच नाही असे मात्र नाही. पापुआ न्यू गिनी आणि मेक्सिको यांनी २०११ साली असा प्रस्ताव दिला की सर्व प्रयत्न करूनही सहमती झाली नाही तर शेवटचा उपाय म्हणून तीन-चतुर्थांश बहुमताने निर्णय घेता यावा, आणि त्यासाठी ज्या कराराखाली ही परिषद भरते त्या मूळ आराखडा करारातच दुरुस्ती करावी. अशी दुरुस्ती, एकमत होत नसेल तर, तीन-चतुर्थांश मतांनी संमत करण्याची वाट त्या कराराच्या १५व्या कलमात पहिल्यापासून आहे. म्हणजे मतदान घेता यावे यासाठी मतदान घेता आले असते. प्रस्ताव कार्यक्रमपत्रिकेवर आला, त्यावर सल्लामसलती झाल्या, आणि मग एकमत न झाल्यामुळे तो वर्षानुवर्षे पुढच्या अधिवेशनाकडे पाठवला जात राहिला.